खपली धरू द्यायची नाही

सोलमधल्या एका इस्पितळात इन-सन नावाची बाई खाटेवर पडून आहे. लाकूडकाम करताना विजेच्या करवतीखाली तिच्या बोटांची टोकं गेली. डॉक्टरांनी ती शिवून पुन्हा बसवली आहेत. आता उपचार एकच. दर तीन मिनिटांनी शेजारी बसलेली मदतनीस बाई सुई घेते आणि टाके घातलेल्या जागी टोचते. दिवसा, रात्री, बोलणं चालू असताना, डोळा लागत असताना. रक्त येत राहिलं पाहिजे. एकदा का जखमेवर खपली धरली, की जोडलेल्या टोकाचा जीव गेला, ते कुजणार. तिला भेटायला आलेली मैत्रीण क्योंग-हा हे बघते, मान फिरवते, पुन्हा बघते. हान कांग यांच्या २०२१ सालच्या कादंबरीतलं हे दृश्य. इंग्रजीत ती 'वी डू नॉट पार्ट' या नावानं आली.

आपल्याकडे खपली काढणं हे वाईटच. झालं गेलं गंगेला मिळालं, कशाला आता जुनी खपली काढता, असं घरातली शहाणी माणसं सांगतात. सरकारंही तेच सांगतात. इथे मात्र खपली धरणं हाच धोका आहे, आणि दुखणं चालू राहिलं तरच बोट वाचणार आहे. हान कांग यांचं जवळजवळ सगळं लेखन या एका उपचारात मावतं असं मला वाटतं. गंमत अशी की हे रूपक आहे हे त्या कुठेही सुचवत नाहीत. ती मदतनीस बाई निमूटपणे सुई पुसते, टोचते, ठेवते. रूपक आपल्याला टोचतं ते नंतर, पुस्तक मिटल्यावर कधीतरी.

'कांग' म्हणजे नदी. सोल शहराच्या मधोमध वाहणारी हान नदी, तिचंच नाव या लेखिकेला घरच्यांनी ठेवलं. जन्म २७ नोव्हेंबर १९७० चा, दक्षिणेकडच्या ग्वांगजू शहरातला. वडील हान सुंग-वन हेही कादंबरीकार. घरात सामानसुमान बेताचं, पुस्तकं मात्र उदंड. शिक्षकाची नोकरी सोडून पूर्णवेळ लिहायचं वडिलांनी ठरवलं आणि जानेवारी १९८० मध्ये हे कुटुंब सोलला राहायला गेलं. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची.

चारच महिन्यांनी, १७ मे रोजी, चुन डू-ह्वान या लष्करशहानं देशभर लष्करी कायदा वाढवला. १८ तारखेला ग्वांगजूतले विद्यार्थी रस्त्यावर आले आणि त्यांच्यावर छत्रीधारी सैनिक सोडण्यात आले. २१ मे रोजी प्रांतिक कचेरीसमोरच्या गर्दीवर गोळीबार झाला. त्यानंतर सैन्य शहराबाहेर गेलं आणि काही दिवस ग्वांगजू नागरिकांच्या ताब्यात राहिलं. २७ च्या पहाटे रणगाडे परत आले. मृतांच्या आकड्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. हान कुटुंब वाचलं ते कुठल्या शौर्यानं किंवा शहाणपणानं नव्हे. घर बदललं म्हणून वाचलं. आपण निघालो आणि दुसरे तिथेच राहिले, ही बोच या लेखिकेनं पुढे कधी झाकली नाही.

बारा वर्षांची असताना तिच्या हाती एक अल्बम लागला. पुस्तकांच्या कपाटात, कणा भिंतीकडे करून, मुलांच्या नजरेला पडू नये असा ठेवलेला. ग्वांगजूच्या मृतांचे फोटो चोरून छापून हातोहात फिरवले जात, त्यांतला तो होता. त्यात संगिनींनी विद्रूप केलेले चेहरे होते. त्याच अल्बममध्ये दुसराही एक फोटो होता: इस्पितळाबाहेर रक्त द्यायला लागलेली लोकांची लांबच लांब रांग. माणूस हे करतो, आणि माणूस तेही करतो. या दोन फोटोंचा मेळ घालता येईना. नोबेल व्याख्यानात त्यांनी सांगितलं, की तेव्हापासून हे कोडं त्यांना सुटलेलं नाही.

जाता जाता एक गोष्ट. हान कांग यांच्या आधी कोरियाला एकच नोबेल मिळालं होतं, २००० सालचं शांततेचं, किम डे-जुंग यांना. ग्वांगजूचा उठाव तुम्हीच भडकवला असा ठपका ठेवून १९८० मध्ये लष्करी न्यायालयानं त्यांना फाशीची शिक्षा सुनावली होती. ती पुढे रद्द झाली आणि ते राष्ट्राध्यक्ष झाले. म्हणजे त्या देशाची दोन्ही नोबेलं कुठे ना कुठे त्याच दहा दिवसांपाशी येऊन थांबतात.

आता 'शुश्रूषा' या शब्दाकडे वळतो. आपण तो रुग्णाच्या सेवेसाठी वापरतो. मूळ संस्कृतात मात्र तो 'श्रु' धातूचा. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. जो ऐकू इच्छितो तो जवळ बसतो, जवळ बसतो तो पाय चेपतो, पाणी देतो, आणि असं करता करता शब्दाचा अर्थ कानाकडून हाताकडे सरकला. हान कांग वाचताना हा शब्द मला पुन्हा पुन्हा आठवतो. त्यांच्या पुस्तकांत मोठमोठी भाषणं नाहीत, क्रांतिकारक नाहीत. पुसणं, झाकणं, शिवणं, पाणी पाजणं, वात लावणं अशी हाताची कामं आहेत. आणि त्या हातांना लागूनच दुसरे हात आहेत, मारणारे, कोंबणारे. दोन्ही हात माणसाचेच. तो अल्बम असा पानोपानी उघडा पडलेला आहे.

'द व्हेजिटेरियन' हे त्यांचं सर्वांत गाजलेलं पुस्तक. तीन दीर्घकथा आधी सुट्या प्रसिद्ध झाल्या आणि २००७ मध्ये एकत्र पुस्तकरूपात आल्या. त्यांतल्या मधल्या कथेला २००५ मध्ये यी सांग पुरस्कार मिळाला होता. हाच पुरस्कार वडिलांनाही १९८८ मध्ये मिळालेला. यी सांग हा वसाहतकाळातला, ऐन विशीत गेलेला कवी. माणसानं वनस्पती व्हावं अशा आशयाचं त्याचं एक टिपण हान कांग यांच्या डोक्यात विद्यार्थिदशेपासून रुतून बसलं होतं. १९९७ मध्ये त्यांनी एक कथा लिहिली. तिच्यातली बाई हळूहळू झाड होते आणि नवरा तिला कुंडीत लावतो. 'द व्हेजिटेरियन' हे त्याच बीजाचं अंधारात वाढलेलं रोप.

मराठी वाचकाला या पुस्तकाच्या नावानं चकवा बसतो. आपल्याकडे शाकाहार म्हणजे उपास, सोवळं, जात. मुंबईत भाड्यानं घर मिळणं किंवा न मिळणं. तो पिढीजात येतो, किंवा तुळशीमाळ गळ्यात पडली की येतो. कोरियन घरात यातलं काहीच नाही. मूळ कोरियन नाव 'चेसिकजुइजा'. त्यातल्या 'जुइ'चा अर्थ वाद, तत्त्व. 'जा' म्हणजे ते मानणारा माणूस. आपल्या भाषेत 'शाकाहारवादी' म्हणावं लागेल. आणि कादंबरीची नायिका येओंग-हे तर कसलाच वाद मांडत नाही. कोणी विचारलं तर ती एवढंच सांगते, की मला स्वप्न पडलं. वाद तिच्यावर चिकटवतात ते इतर लोक. पुस्तकाचं नाव हाच तिच्यावर झालेला पहिला अन्याय आहे, आणि लेखिकेनं तो जाणून करून ठेवला आहे.

पहिली कथा नवऱ्याच्या तोंडून येते. हा गृहस्थ दुष्ट नाही, आणि तेच भयंकर आहे. बायको सर्व बाबतींत सामान्य आहे म्हणून त्यानं तिच्याशी लग्न केलं. तिच्यापुढे आपल्याला काही सिद्ध करावं लागणार नाही, ही त्याची सोय. एका सकाळी तो उठतो तर स्वयंपाकघरात ती फ्रीजमधलं सगळं मांसमच्छी जमिनीवर पसरून बसलेली. पुढे तिच्या तोंडचं फारसं काही येत नाही. अधूनमधून तिरप्या अक्षरांत तिची स्वप्नं येतात, तुटक, ओली, रक्तानं माखलेली. नवऱ्याच्या सपाट, हिशेबी गद्यात ती अशी घुसतात की वाटतं, कागदाखालून कुणीतरी नख मारतंय.

मग ते जेवण. माहेरचं गोतावळ्यासकट जेवण. आई आर्जवं करते, बहीण आग्रह करते, शेवटी वडील थोबाडीत मारतात, मुलाला आणि जावयाला तिचे हात धरायला लावतात आणि डुकराच्या मांसाचा तुकडा तिच्या ओठांवर घासत तोंडात ढकलतात. हे दृश्य वाचताना मराठीतली दोन क्रियापदं माझ्या मनात समोरासमोर उभी राहिली: भरवणं आणि कोंबणं. कृती जवळजवळ एकच. अन्न, हात, दुसऱ्याचं तोंड. बाळाच्या उष्टावणात जो हात असतो, लग्नाच्या पंगतीत घास देताना जो हात असतो, तोच हात. त्या खोलीतल्या प्रत्येकाला मनापासून वाटतं की आपण भरवतो आहोत. कोंबलं जातं आहे हे फक्त तिच्या शरीराला कळतं. ती सुरी उचलते आणि आपल्या मनगटावर चालवते. हेच क्रियापद तिसऱ्या कथेत पांढरा कोट घालून परत येतं. इस्पितळात नाकातून नळी घालून तिच्या पोटात पेज सोडण्याचा प्रयत्न होतो. बापाची जागा डॉक्टरांनी घेतलेली असते. त्यांचं म्हणणं रास्तच असतं. नळी नाही घातली तर ती मरेल. वाचक म्हणून आपण कुणाच्या बाजूनं उभं राहायचं? मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणखी एक बारकावा, बऱ्याच समीक्षकांच्या हातून निसटणारा. हा बाप व्हिएतनाम युद्धात लढून आलेला, त्याचा अभिमान मिरवणारा माणूस आहे. त्या युद्धात कोरियानं तीन लाखांवर सैनिक पाठवले होते. लहानपणी येओंग-हेला कुत्रा चावला, तेव्हा बापानं त्या कुत्र्याला मोटरसायकलला बांधून, मरेपर्यंत फरफटवलं होतं. ती उभी राहून बघत होती. आणि रात्री त्या कुत्र्याच्या रश्शात भात कालवून तिनंही खाल्लं होतं. लेखिका हे वाक्य गाळू शकली असती. गाळलं असतं तर येओंग-हे निष्पाप बळी ठरली असती आणि पुस्तक अर्ध्यानं स्वस्त झालं असतं. तिनं खाल्लं आहे. तिच्या छातीत जे अडकलं आहे त्यात तिचाही घास आहे.

मधल्या कथेबद्दल माझं मन अजून द्विधा आहे. येओंग-हेच्या पाठीखाली लहान बाळांना असतो तसा निळसर डाग अजून राहिला आहे, हे कळल्यावर तिचा मेहुणा, एक व्हिडिओ कलाकार, पछाडला जातो. तो तिच्या अंगावर फुलं रंगवतो, चित्रित करतो, पुढे व्हायचं ते होतं. फुलं आवडतात म्हणून ती राजी असते, आणि त्या राजीपणाचा अर्थ लावणं अवघड आहे. रंगांची वर्णनं अप्रतिम आहेत, जरा जास्तच अप्रतिम. मेहुण्याच्या नजरेवर टीका करता करता गद्य स्वतःच त्या नजरेला भुलतंय की काय, अशी शंका येते. तिसऱ्या कथेत बहीण इन-हे येते आणि पुस्तक पुन्हा जमिनीला पाय लावतं. सौंदर्यप्रसाधनांचं दुकान चालवणारी, मुलगा वाढवणारी, सगळ्यांचं सगळं करणारी थोरली बहीण. झाड व्हायला निघालेली धाकटी हातांवर उलटी उभी राहते; झाडं डोक्यावरच उभी असतात, हा शोध तिला लागला आहे. आणि इन-हेला त्या वेडाचा हेवा वाटतो. तिला ते परवडणारं नाही, कारण तिला डबा भरून बस पकडायची आहे.

हे पुस्तक लिहिताना लेखिकेची बोटंच संपावर गेली होती. सांध्यांच्या दुखण्यामुळे सुरुवातीचा मजकूर हातानं लिहिला. पुढे तेही जमेना. शेवटी दोन्ही मुठींत उलटी धरलेली बॉलपेनं घेऊन त्यांनी एकेक कळ दाबली. डेबोरा स्मिथ यांच्या इंग्रजी अनुवादासह या पुस्तकाला २०१६ चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, पन्नास हजार पौंड दोघींत निम्मे. मग अनुवादावरून वादंग झालं. हात आणि पाय या अर्थाचे कोरियन शब्द उच्चाराला अगदी जवळचे, त्यांची अदलाबदल झालेली; काही ठिकाणी मूळच्या कोरड्या वाक्यांना दागिने चढलेले. लेखिका अनुवादिकेच्या बाजूनं उभी राहिली. मी इंग्रजीतूनच वाचणारा, त्यामुळे न्यायनिवाडा करायला बसणार नाही. पण मला जे गद्य आवडलं त्यात किती हान कांग आणि किती डेबोरा स्मिथ, ही धाकधूक मनात ठेवूनच हे रसग्रहण लिहितो आहे.

'ह्यूमन ॲक्ट्स' (२०१४) हे इंग्रजी नाव मला कधीच पटलं नाही. मूळ नाव साधं आहे: मुलगा येतो. वर्तमानकाळात. तो मेला आहे, आणि तो येतो.

दोंग-हो हा शाळकरी मुलगा. ग्वांगजूच्या व्यायामशाळेत प्रेतं आणून ठेवली आहेत, तिथे तो वहीत नोंदी करतो, वर्णनं लिहितो, वास मारावा म्हणून रिकाम्या बाटल्यांत खोचलेल्या मेणबत्त्या लावतो. दोन तरुणी चेहऱ्यांवरचं रक्त पुसतात, केस विंचरतात. तो आलेला असतो आपला मित्र जोंग-दे याला शोधायला. त्याला एक प्रश्न पडतो: सैनिकांनी मारलेल्या या माणसांना राष्ट्रध्वजात का गुंडाळायचं, त्यांच्यासाठी राष्ट्रगीत का म्हणायचं? राष्ट्रानंच तर मारलं ना? तरुणी त्याला समजावते, आणि वाचकाला जाणवतं की ते समजावणं पुरेसं नाही. ते अपुरेपण लेखिका तसंच सोडते.

पहिलं प्रकरण सगळं 'तू'ला उद्देशून आहे. इंग्रजी 'यू'मध्ये आपल्या 'तू'ची ऊब येत नाही. कोरियन भाषेत आपल्यासारखेच, खरं तर आपल्याहून जास्त, मान-अपमानाचे थर आहेत. बरोबरीच्याला, लहानाला एक शब्द आणि वडीलधाऱ्यांना दुसरं काही. आपल्याकडे 'तू' म्हणायचा हक्क आईला असतो, मित्राला असतो, विठ्ठलाशी भांडणाऱ्या वारकऱ्याला असतो. आणि गेलेल्या माणसाला हाक मारून रडतानाही आपण 'तू'च म्हणतो. हा 'तू' म्हणणारं कोण, हे पुस्तक लगेच सांगत नाही. पण कुणीतरी त्या मुलाला हाक मारत राहिल्याशिवाय तो येणार कसा?

पुढची प्रकरणं वर्षांवर उड्या मारत जातात. एक जोंग-देच्या आत्म्याचं, ढीग रचून जाळल्या जाणाऱ्या प्रेतांमधून बोलणारं. एक उन-सुकचं, म्हणजे व्यायामशाळेतल्या त्या दोन तरुणींपैकी एकीचं, जी आता १९८५ मध्ये प्रकाशन संस्थेत काम करते. एका अनुवादकाचा ठावठिकाणा सांगत नाही म्हणून तिला पोलिसाकडून सात थपडा बसतात. दर दिवसाला एक थप्पड विसरायची, असा हिशेब ती मांडते. त्याच प्रकरणात एक नाटक आहे. संहिता सेन्सॉरनं काळी केल्यामुळे नट संवाद म्हणत नाहीत, फक्त ओठ हलवतात. उन-सुकला संहिता पाठ आहे. ती अंधारात बसून ओठ वाचते आणि तिला सगळं ऐकू येतं. शुश्रूषेचा मूळ अर्थ यापेक्षा नेमका मला कुठे सापडलेला नाही.

मग कैद्याचं प्रकरण. त्यात साधं काळं बॉलपेन आहे, कोणत्याही शाळकरी दप्तरात असतं तसं. ते बोटांच्या मध्ये घालून पिरगाळायचं, रोज त्याच जागी, मांस झडून हाड दिसेपर्यंत. मुठीत बॉलपेनं धरून आधीची कादंबरी पुरी करणाऱ्या बाईनं हे लिहिलं आहे, हे मला विसरता येत नाही. या दोन्ही पेनांचा संबंध त्यांनी जोडलेला नाही. तो माझाच आहे.

शेवटी दोंग-होची आई बोलते. ती दक्षिणेकडच्या बोलीत बोलते, इंग्रजीत तिला एका प्रादेशिक हेलाचा आधार दिला आहे. मराठीत ही आई कोण असेल, याचा मी उगाच विचार करत बसलो. वऱ्हाडी असेल की मालवणी? तीस वर्षांनंतर रस्त्यात दिसलेल्या एका पोराच्या मागे ती चालत जाते, कारण त्याची मान दोंग-होसारखी आहे. मग तिला आठवतं, लहानपणी त्याला सावली आवडत नसे. आईचा हात ओढून तो तिला उन्हाकडे, फुलं होती त्या बाजूला नेत असे. इतक्या रक्तानंतर या कादंबरीनं आपल्याला एका मुलाच्या हाताची ओढ दिली, आणि मी पुस्तक खाली ठेवून उठलो.

या पुस्तकानंतर, पार्क ग्युन-हे यांच्या राजवटीत, सरकारनं केलेल्या कलावंतांच्या काळ्या यादीत हान कांग यांचं नाव होतं. खपली जपणाऱ्यांनी बरोबर माणूस हेरला म्हणायचा.

'ग्रीक लेसन्स' (२०११) लवकर आटोपतो. वाचा गेलेली विद्यार्थिनी आणि दृष्टी जात चाललेला प्राचीन ग्रीकचा शिक्षक. कल्पना जरा जास्तच जुळवून आणलेली, पानं मात्र सुंदर. त्यात ग्रीकमधल्या मध्यम प्रयोगाची चर्चा आहे, म्हणजे क्रिया करणाऱ्यावरच उलटून येते ते रूप. इंग्रजी वाचकाला ते समजावून घ्यावं लागतं. आपल्याकडे 'घेणं' आहे. तिनं रडून घेतलं. एवढंच म्हटलं की झालं.

मला जवळचं आहे ते 'द व्हाइट बुक' (२०१६). त्याला कादंबरी म्हणावं की टिपणवही, मला माहीत नाही आणि फरकही पडत नाही. लेखिकेच्या आईला पहिली मुलगी झाली ती दिवस भरण्याआधी, आडबाजूच्या घरात, जवळ कुणी नसताना. कोवळ्या वयाच्या त्या आईनं कळा सोसत बाळासाठी पांढरं झबलं शिवलं. मूल दोन तास जगलं. तांदळाच्या पिठाच्या चंद्राकार मोदकासारखा त्याचा चेहरा होता, असं आई सांगे. मरू नकोस, एवढंच ती त्याला पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. झबल्याचंच कफन झालं. ती मुलगी जगली असती तर आपण जन्मलोच नसतो, हे धाकटीला ठाऊक आहे. म्हणून ती आपलं आयुष्य त्या थोरलीला थोडा वेळ वापरायला देते. मीठ, बर्फ, तांदूळ, लाट, मॅग्नोलियाचं फूल, कोरा कागद: एकेका पांढऱ्या वस्तूवर एकेक छोटं पान, आणि त्या पानांतून थोरली बहीण चालत राहते.

कोरियनमध्ये पांढऱ्यासाठी दोन शब्द आहेत. एक स्वच्छ, गोडुला. दुसरा 'हुइन', ज्यात जन्म आणि मरण दोन्ही मिसळलेलं. पुस्तकाचं नाव दुसरं. मराठीतही 'शुभ्र' आणि 'पांढरं' यांत असंच अंतर आहे. शुभ्र चांदणं असतं, पण कपाळ पांढरं होतं. आणि आपल्याकडे तर 'पांढरी' आहे. शेती होते ती काळी, गाव वसतं ती पांढरी. माणसांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंतींची माती पिढ्यान् पिढ्या साचून झालेली जमीन. पुराणवस्तू शोधणारे मोडलेल्या वस्त्यांच्या टेकाडांना याच नावानं ओळखतात. हान कांग यांनी हे पुस्तक वॉर्सामध्ये राहून लिहायला घेतलं. महायुद्धात बेचिराख झालेल्या त्या शहराची विमानातून घेतलेली चित्रफीत त्यांनी पाहिली. वरून वाटलं बर्फ पडलंय. कॅमेरा खाली आला तेव्हा कळलं, राख आणि चुरा आहे. त्याच चुऱ्यावर नवं शहर उभं आहे, जुन्या विटांचा ठिगळलेला भाग नव्या भिंतीत दिसतो. पांढरीचा अर्थ मला नव्यानं कळला तो असा, एका कोरियन बाईकडून, पोलंडच्या वाटेनं.

२०१९ मध्ये त्यांनी ओस्लोजवळच्या जंगलात एक हस्तलिखित सुपूर्द केलं. फ्यूचर लायब्ररी नावाच्या उपक्रमात दरवर्षी एका लेखकाचं लेखन असं ठेवून दिलं जातं आणि २११४ पर्यंत कुणी वाचत नाही. हान कांग यांनी येताना एक लांब पांढरं कापड जंगलाच्या वाटेवरून ओढत आणलं आणि त्यात हस्तलिखित गुंडाळलं. झबलं, कफन, आणि आता पुस्तकाचं बासन.

पुन्हा त्या इस्पितळात येऊ. इन-सनची मागणी विचित्र आहे. जेजू बेटावर माझ्या घरी पक्षी एकटा आहे, त्याला आजच्या आज पाणी पाज. क्योंग-हा विमानानं जाते, बर्फाच्या वादळात बस पकडते, अंधारात पडते, धडपडते. एका पाखरासाठी एवढं? पण कादंबरीचा ताल हाच आहे. ज्या बेटावर १९४८ पासून सुरू झालेल्या दमनात सुमारे तीस हजार माणसं, म्हणजे दहांतलं एक, मारली गेली, तिथे ही बाई एका जिवाला पाणी द्यायला चालली आहे. पोचेपर्यंत पक्षी मेलेला असतो. ती त्याला शिवलेल्या कापडात गुंडाळून पुरते. आणि नंतर तो भिंतीवर सावली होऊन परत येतो. इन-सनही येते, इस्पितळात असूनही. जिवंत कोण, मेलेलं कोण, हा प्रश्न तिथे विचारावासा वाटत नाही.

इन-सनची आई गादीखाली करवतीचं पातं घेऊन झोपत असे, वाईट स्वप्नं पडू नयेत म्हणून. उशाशी चाकू ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना हे सांगावं लागणार नाही. या आईनं मुलगी असताना काय पाहिलं, ते कादंबरीत येतं. शाळेच्या मैदानावर प्रेतं पडली होती, रात्रभर बर्फ पडला होता. दोघी बहिणी आपल्या माणसांना शोधत एकेक चेहऱ्यावरचा बर्फ हातरुमालानं पुसत चालल्या होत्या. जिवंत माणसाच्या गालावर बर्फ वितळतो. त्या गालांवर तो तसाच राहिला होता. पुसण्याची ही कृती मी 'ह्यूमन ॲक्ट्स'च्या व्यायामशाळेत पाहिली होती. इथे ती आणखी तीसेक वर्षं मागे जाऊन थंड पडली आहे. आणि मग क्योंग-हाच्या मनात येतं, की पाणी संपत नसतं, फिरत असतं. त्या चेहऱ्यांवर पडलेला बर्फ आणि आता माझ्या पापण्यांवर पडणारा बर्फ एकच असू शकेल.

मूळ नावात कर्ता नाही: निरोप घेत नाही. कोण घेत नाही, कुणाचा घेत नाही, हे कोरियन वाक्याला सांगावं लागत नाही. इंग्रजीला 'वी' घालावंच लागलं. मराठीला लागणार नाही.

१० ऑक्टोबर २०२४ ला नोबेल जाहीर झालं. साहित्याचं नोबेल मिळालेली ही पहिली आशियाई स्त्री. जगात युद्धं चालू असताना समारंभ कसला, म्हणून त्यांनी पत्रकार परिषद टाळली. वडिलांनीच तसं बातमीदारांना सांगितलं. ३ डिसेंबरच्या रात्री, व्याख्यानाला चार दिवस असताना, त्यांच्याच देशात राष्ट्राध्यक्षांनी पुन्हा लष्करी कायदा पुकारला. लोक संसदेकडे धावले, खासदार कुंपणावरून चढून आत गेले, पहाटेच्या आत तो मागे घ्यावा लागला. स्टॉकहोममधल्या व्याख्यानात हान कांग आपल्या एका जुन्या प्रश्नाविषयी बोलल्या. वर्तमान भूतकाळाला मदत करू शकतो का, असं आपण विचारत होतो. ग्वांगजूत शेवटच्या रात्री थांबलेल्या एका तरुणाची रोजनिशी वाचली आणि प्रश्न उलटा फिरवावा लागला, मेलेले जिवंतांना वाचवू शकतात का.

हे लिहिण्याआधी मी ते इस्पितळातलं प्रकरण पुन्हा काढलं आणि घड्याळ समोर ठेवून वाचायला बसलो. तीन मिनिटांत माझी दोन पानंही पुरी होत नाहीत. दुसरं पान उलटायच्या आत सुई टोचून झालेली असते, आणि इन-सन पाखराला पाणी किती नि कसं द्यायचं ते सांगत असते.